जर्मनीला नेणाऱ्या एजंटभाऊंना खुले पत्र

श्री. एजंटभाऊ यांस,
मुक्काम : बोर्ड टिकेल तोवर तिथंच, जिल्हा बुलढाणा.



आधी अभिनंदन. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. तिकडं माणसं म्हातारी होत चाललीत. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, बसड्रायव्हर मिळेनात. इकडं आयटीआय झालेली पोरं पारावर बसलीत. पहिल्या टप्प्यात 10 हजार जणांना पाठवायचं ठरलं. सह्या दोन सरकारांच्या, पण दुकान उघडलं तुम्ही. एवढी चपळाई मंत्रालयात असती, तर रखडलेल्या खामगाव-जालना रेल्वेत आमचे आजोबाच बसून गेले असते.

11 जुलै 2024चा शासन निर्णय म्हणतो की जर्मन भाषेचं शिक्षण मोफत, खर्च सरकारचा. तुम्ही त्याचेच पैसे घेता. फुकटच्या वस्तूला आमच्यात मान नसतो, हे तुम्ही बरोबर हेरलं. शिकवता काय, तर 'गुटन मॉर्गन' आणि दहापर्यंत आकडे. तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहायला बी-2 पातळीची भाषा लागते, इथलं शिक्षण तिथं मान्य करून घ्यावं लागतं. ही कटकट तुम्ही पोरांच्या कानावरही घालत नाही. केवढी माया!

व्हिसा तर तुमची खास कलाकृती. हातात पडतो तो पर्यटकाचा. 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहायचं आणि कामाला हात लावायचा नाही. म्हणजे ज्यानं बापाचं वावर गहाण टाकलं, त्यानं स्टुटगार्टात जाऊन चर्च बघायचं.

दराबद्दल बोलू? नोंदणी झालेल्या भरती एजंटला एका माणसाकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. तुम्ही लाखांत बोलता आणि पावतीचं नाव काढलं की तुमचा चेहरा पडतो. "भाऊ, घरच्या माणसावर विश्वास नाही?" आता घरच्या माणसाकडं पावती मागायची म्हणजे पापच. वर म्हणता, "परवाना मुंबईच्या साहेबांचा, मी त्यांचा माणूस." कायद्यात सब-एजंट नावाचा प्राणीच नाही, पण तुम्ही ऐन बाजारपेठेत पंख्याखाली बसलेले दिसता.

एका गोष्टीत मात्र तुम्हाला खरंच मानलं पाहिजे. तुम्ही फोन उचलता. सरकारचा ऑनलाइन अर्ज भरून मोबाइलकडं बघत बसलेल्या पोराला पुढं काय, हे सांगणारं माणूस लागतं. तुम्ही ओसरीवर येता, आईच्या हातचा चहा पिता, बहिणीच्या लग्नाची चौकशी करता. संग्रामपूर किंवा लोणारच्या एखाद्या खेड्यातून बुलढाण्याला जायचं तर दिवस मोडतो, आणि गेल्यावर "साहेब मीटिंगला गेलेत." सरकारनं करार केला दूरच्या राज्याशी; गावाशी करायचा राहिला, तो तुम्ही केला. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर माणसं नेणारा मुकादमही असाच दारात येऊन उचल देतो. तुम्ही दारात येऊन उचल नेता, एवढाच फरक. त्याच्या हिशेबात निदान माणसाला काम तरी मिळतं.

माझ्या भाच्याचा पासपोर्ट तुमच्याकडं 'सुरक्षित' आहे, असं कळलं. तो भारत सरकारची मालमत्ता असतो. तुमच्या ड्रॉवरची नव्हे. "जर्मनीचं जमलं नाही तर दुसरा देश बघू," असं त्याला म्हणालात म्हणे. देश बदलण्याची तुमच्या व्यवसायबंधूंची हातोटी आम्ही पाहिली आहे. मदतनिसाचं काम सांगून रशियात नेलेली भारतीय पोरं युद्धाच्या आघाडीवर निघाली आणि मार्च 2024मध्ये सीबीआयनं ठिकठिकाणी छापे घातले. ते तुमचे कोणी नसतील. तरी दुसरा देश कोणता, ते आधी कळवा.

सोबत तुमचा नोंदणी क्रमांकही द्या. ई-मायग्रेट पोर्टलवर तो घरबसल्या तपासता येतो, तेवढं इंटरनेट आमच्याकडं आहे. नसेल क्रमांक, तर पासपोर्ट आणि पैसे घेऊन या. चहा मिळेल.

आपला,
एका इलेक्ट्रिशियनचा मामा

ता. क. : बिननोंदणी भरती केल्यास 1983च्या उत्प्रवासन कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हो, दोन हजारच. तुम्ही फॉर्मचेच याहून जास्त घेता.