आईची सम आणि शिकागोचा डावा हात

शिकागो, १२ ऑक्टोबर

ती. बाबांस,


आई सुखरूप आहे. फोनवर तिनं 'विशेष काही नाही' म्हणून सांगितलं असेल, म्हणून शनिवारचा वृत्तान्त मीच कळवतो. जेवण आणि बुगी-वुगी पियानो अशी एकत्र तिकिटं काढून आम्ही सगळे गेलो होतो. टीव्हीवरच्या 'बूगी वूगी'तला जावेद जाफरी येणार नाही, हे तिला गाडीतच समजावलं होतं.

जेवण अमेरिकेच्या दक्षिणेकडचं. पालेभाजी मागवली, तर वेटर म्हणाला, त्यात डुकराचं मांस आहे. "मग तिला भाजी कशाला म्हणता?" आईनं हे मराठीतच विचारलं, तरी तो ओशाळला. शेवटी मक्याचा ब्रेड आला, पर्समधून लसणाची चटणी निघाली आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबाही ती मागून खाऊ लागले.

आजोबा माहीतगार निघाले. १९२०च्या दशकात इथल्या साउथ साइडला म्हणे घरभाडं थकलं की लोक घरीच पार्टी ठेवायचे. दारात थोडे पैसे घ्यायचे, आत जेवण आणि पियानो. पहाटेपर्यंत भाडं वसूल! आमचं बिल आल्यावर मीही मनातल्या मनात पाहुण्यांची यादी करायला घेतली.

वाजवणारेही आपल्यासारखेच पोटार्थी. जिमी यान्सी बेसबॉलच्या मैदानाची निगा राखायचा. अल्बर्ट अॅमन्स आणि मीड लक्स लुईस टॅक्सी चालवायचे. त्याच दोघांना १९३८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मानानं बोलावलं गेलं. आई म्हणाली, "नोकरी सांभाळून कला. आमच्या यांचं एसटीत तेच झालं, फक्त न्यूयॉर्कचं बोलावणं तेवढं राहिलं."

मग वाजवणं सुरू झालं. बाबा, डावा हात बघायला हवा होतात! एका आवर्तनात आठ ठोके, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. मनगट सैल, करंगळी मात्र खिळ्यासारखी पक्की. उजवा हात वर वाट्टेल त्या हरकती घेतोय, डावा आपल्या तुकड्यावरून ढिम्म हलत नाही. लुईसनं १९२७ साली ध्वनिमुद्रित केलेली आगगाडीची रचना सुरू झाली, तेव्हा टेबलावरचे काटे-चमचेही रुळांवर धावायला लागले.

"केरवा आहे," आईनं जाहीर केलं आणि टाळी धरली. इथं पंचाईत झाली. इथले लोक चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी देतात, आई समेवर. अख्खा हॉल एकीकडे, आई एकटी दुसरीकडे. मी हळूच सुचवलं, तर म्हणाली, "एवढ्या माणसांत एकालाही सम कळू नये?" पुढच्या गाण्याला चटणीवाले आजोबा फितूर होऊन तिच्या बाजूला आले.

घरी येताना तिनं निकाल दिला : "हा डावा हात म्हणजे लेहरा. तबलजीनं वाहवा घ्यायची आणि यांनी कोपऱ्यात बसून पेटीवर तासभर तीच ओळ वाजवायची. इथं लेहरेवाल्याला टाळ्या मिळतात. यांचा डावा हात मात्र जन्मभर भाता मारण्यात गेला."

तेव्हा तुम्ही आता डाव्या हाताचा रियाज सुरू करावा, असा निरोप आहे.

तुमचा,
मन्या

ता. क. : आईनं स्वतः सुरुवात केली आहे. घरच्या कीबोर्डवर पहाटे साडेपाचला डावा हात चालू होतो. खालचे भाडेकरू दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले, तर दारात पैसे घ्यायचे ठरलंय.