फ्रीझरसाहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री फ्रीझरसाहेब, मुक्काम आमचे स्वयंपाकघर, शहर कोल्हापूर, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परदेशी शिक्षण संपवून परतलेल्या आमच्या चिरंजीव पुतण्याने मोड आणून वाळवलेले सातू, हॉप्स नामक कडू फुले आणि यीस्ट यांच्या संयोगातून ऋषितुल्य धीराने जी बीअर सिद्ध केली आणि पाहुणे येईतो थोडी गार व्हावी एवढ्याच माफक हेतूने जी आपल्या हवाली केली, तिची एका रात्रीत आपण केलेली दुर्दशा पंचांसमक्ष नोंदविण्यात आली आहे. काही बाटल्यांची बुचे उडालेली, काहींची बुडे निखळलेली आणि पांढऱ्या रश्श्यासाठी काढलेल्या नारळाच्या दुधात काचा, असा एकूण मुद्देमाल आहे.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते, हे आपल्या खात्याला ठाऊक नसेल असे मानणे हा आपला अपमान होईल. बीअर बिचारी अंगच्या अल्कोहोलाच्या आधाराने शून्याखाली दोन-तीन अंश तग धरते. परंतु आपण उणे 18 चा दरबार भरवून बसलेले, आणि त्यात बर्फाने हुसकून लावलेला वायू उरल्यासुरल्या जागेत दाटलेला, तेव्हा काचेने तरी किती काळ दम धरावा? ज्या शहरात थंडीचा कडाका म्हणजे कानाला मफलर एवढाच अर्थ रूढ आहे, ज्याच्या रंकाळ्यावर बर्फाची साय धरल्याचे आमच्या आज्यानेही सांगितले नाही, त्या शहरात हा हिमालयी कारभार कोणाच्या सनदेने चालतो?

याहून गंभीर आरोप पुढेच आहे. गोठताना आधी पाण्याचे स्फटिक बनतात आणि अल्कोहोल मागे राहिलेल्या द्रवात एकवटतो. जर्मनीत कुल्मबाख येथे याच युक्तीने, बर्फ काढून टाकून, आइसबॉक नावाची कडक बीअर मुद्दाम करतात. म्हणजे न फुटलेल्या बाटल्यांच्या पोटात जो जहाल अंश आपण साठविला, तो भट्टीवाचून केलेला दारूचा कारखानाच होय. करवीर संस्थान 1949 च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच साली मुंबई दारूबंदी अधिनियमही आला, त्यामुळे आम्हा करवीरकरांना छत्रपतींची गादी आणि गल्लीतली मोकळीक या दोहोंचा निरोप जवळजवळ एकदमच घ्यावा लागला. त्या कायद्याप्रमाणे विनापरवाना मद्य बनविणे हा गुन्हा आहे. (पुतण्याजवळ कोणता परवाना होता, हा प्रश्न येथे सर्वस्वी अप्रस्तुत असून आपण तो उपस्थित करू नये.) बलसारा नामक गृहस्थांनी व्हिस्की-बीअरपासून यू-डी-कोलनपर्यंतच्या हक्काचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, तेव्हा 1951 साली औषधी व प्रसाधनद्रव्यांपुरता दिलासा मिळाला, बीअर मात्र बंदीतच राहिली. ती पातळ असावी की कांडीच्या रूपाने चोखावी, याविषयी वादीने काही विचारले नव्हते, ही त्याची चूक म्हणावी लागेल, कारण आज आमची सर्व भिस्त त्याच मुद्द्यावर आहे.

आपली कैफियत कळेल असे वाटत नाही, कारण आपण फक्त घुरघुरता. तरी खुलासा येईपर्यंत तात्पुरता हुकूम पुढीलप्रमाणे: बचावलेल्या बाटल्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवून सावकाश वितळू द्याव्यात, वितळलेली बीअर गढूळ दिसल्यास तो दोष पुतण्याच्या माथी मारू नये, आणि रश्श्याचे नवे दूध आपल्या हद्दीत येणार नाही, ते मोठ्या वाड्यातल्या काकूंच्या ताब्यात राहील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
रात्री पाहुण्यांसमोर नुसता सोडा वाढणारा यजमान