पास झालेली डिस्क

देऊळघाटात झेरॉक्सचं दुकान चालवणारे आमचे भाऊ गिऱ्हाइकाला सातबारा काढून देतात, पण त्याआधी कॉम्प्युटर का थांबला ते समजावून सांगतात. सहीच्या सातबाऱ्याची सरकारी फी १५ रुपये. समजावणी फुकट, आणि ती चुकवता येत नाही.

त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. दुपारभर नीट चालतो आणि एकाएकी अडतो. माऊस तेवढा हलतो, डब्यावरचा तांबडा दिवा जळत राहतो. दुसरा कोणी वैतागला असता; भाऊंचे डोळे चमकतात. "आलं!" म्हणत ते आयओटॉप उघडतात. डिस्क कोण खातंय ते हा प्रोग्रॅम सांगतो. पण तो उघडेपर्यंत अडलेलं सुटलेलं असतं, आणि पडद्यावर नुसती शून्यं उभी राहतात.

संशयितांची यादी मात्र भाऊंना तोंडपाठ. डिस्कवरच्या ईएक्सटी-४ फाइलसिस्टिमची जर्नल दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरते. बाकीचा मजकूर मेमरीत तुंबतो, ३० सेकंदांत शिळा धरला जातो. मेमरीच्या १० टक्क्यांवर गुपचूप उपसा सुरू. २० टक्के झाले की लिहिणाऱ्यालाच थांबवून ठेवतात. परवा एका म्हाताऱ्याला हे उमगेना.

"आबा, येळगावचं धरण समजा. भरत आलं की पाणी सोडावं लागते का नाही?"

"ते भरते कोन्त्या साली, भाऊ?"

भाऊंनी दहाचे पाच केले, वीसचे दहा केले, फाइल वाचल्याची वेळ नोंदवणं टाळणारं नोएटाइम लावलं. रात्री मशीन बंद असल्यानं रात्रीची कामं ते सकाळी दुकान उघडल्यावर करतं, हेही शोधून काढलं आणि ती कामंच बंद केली. प्रत्येक उपायानंतर "आता बघा!" म्हणजे गिऱ्हाइकानं बाकावर बसून बघायचं.

डिस्कवर मात्र त्यांनी संशय घेतला नाही. ती त्यांनी स्वतः बुलढाण्याहून पारखून आणलेली, आणि स्मार्ट तपासणीत 'पास' झालेली. दिवाळीला आलेल्या भाच्यानं त्या 'पास'च्या खालच्या ओळी वाचल्या. वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा वाढत चालला होता. असा सेक्टर लागला की डिस्क तीच जागा कित्येक सेकंद पुन्हा पुन्हा वाचत बसते. न लागला तर सगळं आलबेल.

"मामा, डिस्क मरून राह्यली."

"काहून मरंन? पास हाये ना! बोर्डाचा निकाल खोटा असते का?"

शेवटी नवी, मोठी डिस्क बसली. पहिला सातबारा झटक्यात निघाला. भाऊंनी तो मुकाट्यानं हातात दिला, तेव्हा गिऱ्हाइकानं विचारलं, "तब्येत बरी नाही का, भाऊ?"

इतक्यात दिवा लुकलुकायला लागला. कीबोर्डला कोणाचा हात नव्हता. भाऊंनी आयओटॉप उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चोर जागेवर सापडला. ईएक्सटी-४ लेझीइनिट! डिस्क फॉरमॅट करताना वेळ वाचावा म्हणून आयनोडच्या कोऱ्या तक्त्यांचं काम मागे ठेवतात. ते हा मागाहून सावकाश उरकतो.

"थोड्या वेळात आपोआप बंद होईल ते, मामा," भाचा म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो," भाऊंनी पडदा रांगेकडे फिरवला, "आधी पाहून घ्या सगळे. सातबारा कुठं पळून चालला?"