स्टेशनपासून पाच मिनिटं

भाड्याच्या घराचं अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत नाही. ते मिनिटांत सांगतात आणि ती मिनिटं पाचच असतात. डोंबिवलीला पाच, विरारला पाच, जबलपूरजवळच्या रिछाईतही पाच. फरक एवढाच की डोंबिवलीची पाच मिनिटं लोकल सुटत असताना धावणाऱ्या माणसाची असतात, तर रिछाईची मोटारसायकलवरची आणि रस्ता रिकामा असतानाची.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत भाच्याला नोकरी लागली, तेव्हा घर शोधायला मीही सोबत गेलो. गोलबाजार परिसरातल्या जुन्या मराठी मंडळींनी राइट टाऊन सुचवलं. भाच्याची अट एकच, घर स्टेशनजवळ हवं. जन्म ठाण्याचा, स्टेशनपासून लांब राहणं म्हणजे त्याला वाळीत पडल्यासारखं वाटतं.

तसं पाहिलं तर जबलपूर अस्सल रेल्वेचं गाव. १८७० साली मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा रूळ आणि कोलकात्याकडून आलेला ईस्ट इंडियनचा रूळ इथेच जुळले. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालयही इथेच आहे. पण रेल्वेने कामावर जाणारा जबलपुरी मला तरी भेटला नाही. अधारताल स्टेशन नकाशात रिछाईच्या अगदी कुशीत दिसतं म्हणून भाचा हरखला होता. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे न थांबताच धडधडत जातात, हे त्याला चहावाल्याने सांगितलं. "काय बड्डे, टेसन पे रहोगे के काम पे जाओगे?" असंही वर विचारलं.

एका दलालाने मात्र छातीठोकपणे सांगितलं, "मेट्रो घर के सामने से मिलती है." भाच्याचे डोळे चमकले. आम्ही कोपऱ्यावर उभे राहिलो. बऱ्याच वेळाने एक सिटी बस आली, कंडक्टर दारातून अर्धा बाहेर. इथे सिटी बसलाच मेट्रो म्हणतात. त्यानंतर आम्ही ई-रिक्षाच पकडत होतो. ती निदान हात दाखवला की थांबते, आणि थांबल्यावर आणखी दोन गिऱ्हाइकं मिळेपर्यंत हलत नाही.

शेवटी अधारतालला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहिल्या. मालकीणबाई, सगळे त्यांना अम्मा म्हणतात, दारातच बसल्या होत्या. लग्न झालंय का, अंडं खाता का, रात्री किती वाजता येता, अशी रीतसर मुलाखत झाली. नळाला नर्मदेचं पाणी येतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. भाच्याने आपला स्टेशनचा प्रश्न काढलाच.

"रोज गाँव जाओगे?" अम्मांनी विचारलं.

भाचा गप्प. कामावर रोज जायचं, घरी गणपतीला आणि दिवाळीला. पण बदलीच्या गावात घर शोधणाऱ्याचं मन परतीच्या गाडीपासूनच अंतर मोजतं, त्याला इलाज नाही. अम्मांचे यजमान व्हेईकल फॅक्टरीत होते. त्या पिढीने घर घेताना मोजलं ते फाटकापर्यंतचं अंतर, तेही सायकलवर.

भाडं ठरलं. अम्मांनी जिन्याखाली बोट दाखवलं. "साइकिल वो रही. हवा भरवा लेना, ब्रेक पिछला वाला ही लगता है."