लाल दिवा, पाथरी रोड

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा गेला. तेव्हापासून तो परभणीत, पाथरी रोडला, आमच्या हॉलमध्ये अधूनमधून मुक्कामाला येतो. मंत्र्याच्या दिव्याचा वचक होता, पण याचा त्याहून जास्त आहे. हा लुकलुकायला लागला की घरातली झोपलेली माणसंही उठून उभी राहतात.

राऊटरच्या अंगावर दिवे पुष्कळ, पण खरं बोलणारा हा एकच. हिरव्यांचं काही खरं नाही. सगळे हिरवे गुण्यागोविंदानं नांदत असताना आमच्याकडे क्रिकेटच्या शेवटच्या षटकात गोलगोल चक्र फिरलेलं आहे. लाल मात्र स्पष्ट सांगतो : फायबरमधून येणारा उजेड इथवर पोचत नाही. बिघाड घराबाहेर आहे, तुम्ही हात लावू नका. पण लावू नका म्हटल्यावर हात आवरेल तो परभणीकर कसला!

आईचं मत ठरलेलं. ‘रातच्याला तरी बंद करत जा रे त्याला. चोवीस तास राबवल्यावर दुसरं काय होणार?’ यात अगदीच तथ्य नाही असं नाही. बंद करून चालू केल्यावर त्याच्या मेमरीत साचलेला गाळ निघतो आणि बऱ्याचदा गाडं सुरळीत चालतं. पण तार तुटलेली असताना हा उपाय म्हणजे पाइपलाइन फुटल्यावर तोटी घासून काढण्यासारखा. बायको अॅडॅप्टर काढून पदरानं पुसते. मेव्हणे सुटीला आलेले असले तर शस्त्रक्रियाच. या खेपेला त्यांनी आईकडून सेफ्टी पिन मागून घेतली आणि राऊटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसून धरली. त्यानं आतलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसून निघतं. तोवर बिघाड फक्त बाहेर होता, आता आतही झाला. ‘आता बघा,’ म्हणाले. बघितलं. लाल.

पहिली तक्रार मात्र घरातून येत नाही, शेजारून येते. तार खिडकीतून आत आली म्हणून राऊटर खिडकीतच बसवलेला. मधे जाड भिंत आणि तिला टेकून धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या, त्यामुळे वायफाय स्वयंपाकघरात जात नाही. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत मात्र बिनबोभाट जातं. ‘काका, आपलं नेट गेलं का?’ असं तिथलं पोरगं कुंपणावरून विचारतं. त्यातलं ‘आपलं’ ऐकून मी दरवेळी गप्प होतो.

जगात जर्मनी आन् भारतात परभणी, असं आम्ही छाती काढून म्हणतो. त्या जर्मनीत आजही बहुतेक घरांचं ब्रॉडबँड टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारांवर चालतं, आणि तिथली माणसं त्याच्या नावानं बोटं मोडतात. आमच्याकडे थेट काचेची तार. या एका बाबतीत म्हणीची उलटापालट करायला हरकत नाही. पण लाल दिवा लागलेला असताना नको.

खोक्यावर छापलेलं असतं की हे यंत्र ० ते ४० अंशांत चालेल. छापणारा मे महिन्यात परभणीला आलेला दिसत नाही. आणि थंडीत कृषी विद्यापीठाचा पारा खालचं टोक गाठायला बघतो, ते वेगळंच.

कंपनीच्या कॉल सेंटरची बाई गोड बोलली. ‘सर, राऊटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा.’ लाल आहे म्हटलं. ‘हो सर, तरीपण करा.’ म्हणजे तीही परभणीचीच निघाली.

बिघाड सापडला तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर. मानवतच्या बाजाराला निघालेला, कापसानं दुप्पट उंच झालेला टेम्पो खांबावरची तार घेऊन गेला होता. दुरुस्तीला आलेला पोरगा दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्यानं मांडीवर डब्याएवढं यंत्र ठेवलं. काळं आवरण सोललं, आतली केसाएवढी काच स्पिरिटनं पुसली, कटरनं टोक नेमकं छाटलं. उडालेला कण चिकटपट्टीला लावून ठेवला. ‘पायात घुसला तर दिसत बी नाही, काका.’ यंत्राच्या पडद्यावर दोन्ही टोकं खांबाएवढी दिसत होती. ती आपसूक समोरासमोर सरकली, मधे ठिणगी पडली आणि काच काचेला चिकटली. उजेड जातो तो या काचेच्याही पोटातल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. भोवती जमलेल्या मंडळींनी एवढ्या शांतपणे लग्नसुद्धा बघितलं नसेल.

मग त्यानं मीटर लावलं. ‘उणे बावीस. एकदम ओके.’

दुकानदार पुढं सरसावला. ‘उणे? मंग अजून येणं बाकी हाय की!’

‘उणेच असतं मामा. अठ्ठावीसच्या खाली गेलं की संपलं.’

‘आमच्या वहीत तेवढ्यावर सामान बंद करतो आम्ही,’ दुकानदार म्हणाला. त्याला प्रकाशशास्त्र पूर्ण कळलं होतं.

पोरगा घरी आला. मेव्हण्यांनी पुसलेला पासवर्ड त्यानं पुन्हा भरला आणि मेव्हणे त्या वेळात पेपर उलटा धरून वाचत होते. दिवा हिरवा झाला. पण तक्रार बंद करायला ओटीपी लागतो, आणि तो जातो पुण्याला, मुलाच्या मोबाइलवर, कारण कनेक्शन त्याच्या नावावर. मुलगा मीटिंगमध्ये. पोरग्याचा चहा झाला, दुसरा झाला. कंपनीचा मेसेज आला की आपला तंत्रज्ञ लवकरच आपल्याशी संपर्क साधेल. तंत्रज्ञानं तो वाचला आणि बिस्किट घेतलं.

शेवटी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा लख्ख, आवाज खणखणीत. ‘बाबा, नेट चालू झालं का तुमचं?’

मी काही बोलायच्या आत पोरग्यानं फोनमध्ये डोकं घातलं. ‘दादा, ते सोडा. आधी ओटीपी सांगा.’