पिकअप गेला, गाडी सुधारली

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत आणि शेजारच्या उद्यमनगरात जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० साठी मिस्त्रींची जी निदानपद्धती चालते, तिचा जाहीर गौरव व्हायला हवा. हेडचं काम करून आलेली गाडी पन्हाळ्याचा चढ दुसऱ्या गिअरवरही ओढेना, की आधी कार्बोरेटर बदलायचा, मग प्लग, मग क्लचप्लेट. मालकाचे पैसे संपले की निदान पूर्ण. शंकेखोर म्हणतील, कामानंतरच पिकअप गेला तर आधी तेच काम तपासा: टायमिंग बेल्ट एक दात चुकून बसला असेल, व्हॉल्व्हचा गॅप बिघडला असेल, नाहीतर व्हॅक्यूमची नळी जोडायची राहिली असेल, कॉम्प्रेशन गेज लावलं तर तिन्ही सिलिंडरचा हिशेब समोर येतो. आक्षेप उथळ आहे. गेज रोज तोच आकडा सांगतं, अनुभवी कान रोज नवा सांगतो. शिवाय टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून पाहणं म्हणजे मिस्त्रींच्या शब्दावर अविश्वास, आणि कोल्हापुरात शब्दाला किंमत आहे. खरं तर आरटीओने अशा गाड्यांना सुरक्षिततेचं खास प्रमाणपत्र द्यावं. चाळीसच्या वर जातच नाहीत. मालकाने एवढंच पथ्य पाळावं: ‘पाचशे किलोमीटर पळवा, सेट होईल’ म्हटलं की पळवावी, आणि काढलेले ‘गेलेले’ पार्ट परत मागू नयेत. ते मिस्त्रींच्या स्वतःच्या ८०० मध्ये बसलेत, आणि ती पन्हाळा तिसऱ्यावर चढते.