माहेर मालवण, मुक्काम मार्सेय

सासरी मी समुद्राच्या जोरावर वर्षानुवर्षं दादागिरी केली. माहेर मालवण, एवढंच भांडवल. पुण्याच्या घरात पापलेट आलं की त्याचे कल्ले उचलून मी निकाल देणार. गणपतीपुळ्याला गेलो की "आत जाऊ नका रे, ओहोटी लागलीय" असं मी सांगणार, आणि तेही पाण्याकडे न बघता, त्यामुळे पोरांचा जास्तच विश्वास बसायचा. प्रत्यक्षात माझा दर्याचा अनुभव म्हणजे मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतची होडी. त्यात होडी नाखवा चालवतो आणि आपण साडी भिजू नये म्हणून पाय वर घेऊन बसतो. पोहायचं म्हणाल तर सोसायटीच्या तलावात, चार फुटी भागात, पाय टेकतात ना याची खात्री करत करत.

माझी धाकटी जाऊ नागपूरची. तिचा मुलगा फ्रान्समध्ये शिकतो. त्याला भेटायला जायचं ठरलं तेव्हा तिने मार्सेयच्या आसपास कयाकमधून फिरवणारी एक सहल शोधून काढली. कयाक म्हणजे शेंगेसारखं लांबट होडकं, त्यात बसून आपलं आपण वल्हवायचं. सोबत गाईड. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वहिनी, तुम्ही सोबत असल्या म्हणजे मले भीती नाही. तुम्हाले तर समुद्र घरचाच." झालं. यावर कोण नाही म्हणेल? फॉर्मवर 'पोहता येतं का' असा प्रश्न होता. मी 'हो'वर खूण केली आणि पेन पटकन खाली ठेवलं.

मार्सेयला पहिल्या दिवशी किनाऱ्यावर शिकवणी. गाईड म्हणजे पंचविशीतली, उन्हाने तांबूस झालेली, काटक मुलगी. तिने आम्हाला अंगाला घट्ट बसणारे रबरी पोशाख दिले. तो चढवायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात गटातल्या जर्मन जोडप्याचा नाश्ता आणि थोडा वाद होऊन गेला. माझ्या पाठीमागची चेन जाऊबाईंनी गुडघा लावून ओढली. मग मी तज्ज्ञाच्या सुरात गाईडला विचारलं, "आज भरती किती वाजता?"

तिला प्रश्न कळेना. मी इंग्रजी बदलून पाहिलं, हातांनी पाणी वरखाली करून दाखवलं. तेव्हा तिने खांदे उडवले. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. चंद्राने कितीही जोर लावला तरी पाणी वीतभर वरखाली होतं. जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून अटलांटिकची भरती आत शिरते ती नावापुरती. माझं समुद्रज्ञान ऐंशी टक्के भरती-ओहोटीवर उभं होतं. ते कयाकमध्ये बसण्याआधीच कोसळलं.

आमची कयाक दोघांची होती. अशा कयाकमध्ये पुढचा माणूस वल्ह्याची लय धरतो आणि मागचा पायांखालच्या पट्ट्यांनी सुकाणू वळवतो. मोठी जाऊ म्हणून मागची जागा मी घेतली. सूत्रं आपल्या हाती असलेली बरी. त्या पट्ट्या दाबल्या की होडी डावी-उजवीकडे वळते, थांबत नाही, हे मला सांगितलेलं होतं. पण शेजारचा गाडी चालवत असताना आपला पाय जसा आपोआप ब्रेक शोधतो, तसे माझे दोन्ही पाय संकटात एकदम खाली जायचे. संकट म्हणजे साधारणपणे पुढे दिसणारी कुठलीही वस्तू. गाईड ओरडायची, "पाय मोकळे!" जाऊबाई मान न वळवता म्हणायच्या, "वहिनी, काहून दाबता हो?"

शहराच्या दक्षिणेला कालांक आहेत. पांढऱ्याशुभ्र चुनखडीचे उंच कडे आणि त्यांच्यामध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या. २०१२ पासून हे सगळं राष्ट्रीय उद्यान आहे. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. मी मोजत बसले नाही, कारण तळ किती खाली आहे हे दिसणं मला अजिबात मानवलं नाही. आमच्या मालवणला तळ दिसत नाही हेच बरं. मोर्ज्यूच्या खाडीजवळ गाईडने सांगितलं की इथे एक गुहा आहे, तिचं तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर. आंरी कोस्केर नावाच्या पाणबुड्याला ती १९८५ मध्ये सापडली. आत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी घोडे, सील आणि पेंग्विनसारखे पक्षी काढून ठेवले आहेत. तेव्हा हिमयुग होतं, समुद्र खूप खाली होता, चालत आत जाता यायचं. त्या काळात जन्मले असते तर ही सहल मला पेलली असती. जाऊबाई मात्र पुढे बसून संथ, न दमता वल्हवत होत्या. समुद्र त्यांनी लग्नानंतर पाहिला. पण पोहायला शिकल्या माहेरच्या विहिरीत, वरून उडी मारून, हे मला तिथे कळलं.

मग मिस्त्राल सुटला. हा वायव्येचा कोरडा, गार वारा. रोन नदीच्या खोऱ्यातून वेग घेत खाली येतो आणि कालांकमधल्या होडक्यांना खुशाल बाहेर समुद्रात लोटतो. त्यामुळे कयाकिंग बंद, शहर पाहा असं ठरलं. माझी तब्येत त्या क्षणी सुधारली.

कॉर्निश रस्त्यावर समुद्राची पातळी मोजणारं एक जुनं केंद्र आहे. १८८५ ते १८९७ अशी बारा वर्षं पाण्याची उंची नोंदवून जी सरासरी निघाली, ती फ्रान्समधल्या डोंगर-गावांच्या उंचीसाठी शून्य धरली गेली. म्हणजे माझ्यासारख्या अडाण्यांनी भरतीचा प्रश्न विचारावा आणि उत्तर दशांशात मिळावं, अशी सोय या गावात शंभर वर्षांहून जास्त काळ आहे. जाऊबाईंनी मला त्या इमारतीबाहेर उभं करून फोटो काढला.

टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चमध्ये छताला होड्या टांगलेल्या आहेत. लहान लहान, बारकाईने केलेल्या गलबतांच्या प्रतिकृती. भिंतींवर वादळांची चित्रं. समुद्रातून वाचलेल्यांनी फेडलेले नवस ते. गावातले लोक इथल्या मरियामातेला 'बोन मेर' म्हणतात, चांगली आई. मी तिच्यापुढे हात जोडले आणि मनात म्हटलं, आई, उद्याही वारा असाच सुटू दे. नवस बोलायला मात्र विसरले. तिने मनावर घेतलं नाही ते त्यामुळेच असेल.

बाहेरच्या कठड्यावरून बंदर आणि समोरची बेटं दिसतात. मराठी माणूस तिथे उभा राहिला की त्याचे डोळे काय शोधणार? आपल्या पुस्तकांतलं मार्सेलिस. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून याच बंदरात उडी घेतली. धक्क्याला लागल्यावर फ्रेंच शिपायाने त्यांना धरून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही ती उडी बसवली होती. उडी कुणीतरी दुसरीनेच मारली. मी फ्रेंच शिपाई होते. पुठ्ठ्याची टोपी, काजळाच्या मिशा आणि संवाद एकही नाही. मी तिला धरलं तेव्हा प्रेक्षकांतून माझ्या आजीने "सोड गो तेका!" असं ओरडून सांगितलं होतं.

संध्याकाळी बुयाबेस खाल्लं. हा मार्सेयचा माशांचा रस्सा. १९८० मध्ये काही हॉटेलवाल्यांनी त्यात निदान चार प्रकारचे ठरावीक मासे हवेतच अशी सनद केली. आधी रस्सा येतो, सोबत लसणीची केशरी चटणी आणि भाजलेले पाव. मासे आधी अख्खे दाखवतात, मग काटे काढून आणतात. इथे मात्र माझं राज्य. मी कल्ले पाहिले, मान डोलावली. वाढणाऱ्याने आदराने मान झुकवली. संपूर्ण सहलीत माझ्यापुढे झुकलेली ती एकुलती एक मान. रस्सा उत्तम होता, तिरफळं घातली असती तर आणखी बरा झाला असता. ते मी त्याला सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निळं आणि वारा पार गुडूप. फ्रिऊलची बेटं किनाऱ्यापासून साधारण चार किलोमीटर. वाटेत शातो दिफ, बेटावरचा किल्ला. आता जाऊबाईंना सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच काही होतं, कारण मी रात्री जागून वाचलं होतं. वल्हं हवेत रोखून मी सुरुवात केली. किल्ला फ्रान्स्वा पहिला या राजाने १५२४ मध्ये बांधायला घेतला. ("आमच्या सिंधुदुर्गात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत हो, इथे काय आहे?") पुढे तुरुंग झाला. द्युमाच्या कादंबरीतल्या माँते क्रिस्तोला याच तटावरून पायाला तोफगोळा बांधून पाण्यात फेकलं. पण त्याहून मजा गेंड्याची. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरला एक गेंडा दिला. तो गोव्याहून जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. ड्यूरर या चित्रकाराने त्याला न बघताच त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला भेट म्हणून रवाना केला, आणि जानेवारी १५१६ मध्ये, वाटेत, फ्रान्सच्या राजाने याच बेटांजवळ त्याचं दर्शन घेतलं. पुढे इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज बुडालं. "गेंड्याला पोहता येतं हं," मी म्हटलं, "पण बिचारा साखळदंडाने बांधलेला होता, म्हणून..."

"वहिनी, लाट!"

किल्ल्याकडे निघालेल्या फेरीबोटीची लाट बाजूने येत होती. तिच्याकडे नाक वळवायचं, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. माझं वल्हं अजून गेंड्याकडे रोखलेलं होतं. दोन्ही पाय एकदम खाली गेले.

मिस्त्राल जोरात वाहिला की वरचं ऊबदार पाणी बाहेर ढकललं जातं आणि खोलातलं गार पाणी वर येतं. सप्टेंबरातला कोमट समुद्र असा एकाएकी थंडगार होतो. हे शास्त्र मला नंतर समजावलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की माझ्या तोंडून आजोबांची एक अस्सल मालवणी शिवी पूर्ण लांबीने बाहेर पडली आणि तिच्या मागोमाग भूमध्य समुद्र आत गेला. जाकिटाने मला वर आणलं. पायांखाली जमीन शोधायची जुनी सवय. मी शोधत राहिले. माझ्या पायाला साखळदंड नव्हता, तोफगोळा नव्हता, पाठीमागे पोलीस नव्हते. सगळी परिस्थिती अनुकूल असताना मी बुडत होते. जाऊबाईंनी एका हाताने उलटी कयाक धरली, दुसऱ्याने माझ्या जाकिटाची पट्टी, आणि दात न वाजवता म्हणाल्या, "पाय हलवा ना बाप्पा, टेकत नाही ते."

गाईडने दोन कयाकी शेजारी आणून पाणी काढलं आणि मला पोटावर पालथं घालून आत ओढलं. फेरीबोटीतले लोक टाळ्या वाजवत होते. मी उठून बसले आणि हात हलवला. दुसरं काय करणार?

फ्रिऊलच्या बंदरावर कपडे वाळवताना एका गाब्यां नावाच्या धटिंगण समुद्रपक्ष्याने माझ्या हातातले शंकरपाळे नेले. परतीला वल्हवायचं होतं. गाईडने माझ्याकडे पाहिलं, मी फेरीबोटीच्या तिकीटखिडकीकडे पाहिलं. माझ्या जागी तो जर्मन नवरा बसला. बायकोने त्याला आनंदाने दिला.

फेरीबोटीच्या वरच्या डेकवर छान ऊन होतं. खाली, जरा लांब, आमची कयाक सरळ रेषेत चालली होती. ती इतकी सरळ जाऊ शकते हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या बोटीची लाट तिच्याकडे सरकताना दिसली आणि मला राहवलं नाही. कठड्यावरून वाकून मी ओरडले, "नाक वळवा! लाटेकडे नाक! पाय दाबू नका!"

जाऊबाईंनी नाक आधीच वळवलेलं होतं. लाट खालून निघून गेली. मग त्यांनी वल्हं आडवं ठेवून वर पाहिलं.

"वहिनी, बसा ना गपचूप! सगळी बोट पाहून राह्यली तुमच्याकडे!"